अडकणारा अ‍ॅक्सिलरेटर आणि चवथीची ऑफर

वाळपईच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: २००९ ची पेट्रोल गाडी आहे, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कधीकधी पटकन वर येत नाही. मेकॅनिकनं केबल, स्प्रिंग आणि थ्रॉटल बॉडीची (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाची) सफाई मिळून ३,८०० रुपये सांगितले. यजमानांचं म्हणणं, साठ हजारांच्या गाडीवर आता पैसे घालू नयेत. चवथीच्या ऑफरमध्ये एक लाखाची एफडी मोडून आणि पाच लाख कर्ज काढून नवी घ्यावी. एफडी लेकीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी ठेवलेली.

ताई, ३,८०० रुपयांवर घरात चर्चाच नको. गाडी ठेवा किंवा विका, हे काम आधी करून घ्या आणि ते होईपर्यंत ती रस्त्यावर काढू नका. चोर्ला घाटाच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर काय होईल, या विचारानंच मला धास्ती वाटते. कधी तशी वेळ आलीच तर क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, गाडी थांबल्यावरच चावी फिरवा. चालत्या गाडीत चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

मेकॅनिककडे जाण्याआधी पायाखालची मॅट पुढे सरकून पेडलखाली जात नाही ना, ते बघा. केबलीत नुसतं तेल सोडून भागवू देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळी, दमट हवेत आतली तार गंजते, तिचे धागे तुटून कव्हरमध्ये अडकतात. जुनी केबल काढल्यावर हातात घेऊन बघा. विम्याची आशा धरू नका, झिजेचा खर्च त्यात मिळत नाही.

आता यजमानांचा मुद्दा. साठ हजारांशी तुलना करणं मला पटत नाही, कारण गाडी गेली तर तिच्या जागी येणार आहे तो हप्ता. पाच लाख, नऊ टक्के, पाच वर्षं धरली तर महिन्याला १०,३७९ रुपये. म्हणजे ही दुरुस्ती साधारण अकरा दिवसांच्या हप्त्यात बसते. पाच वर्षांत व्याजच सुमारे १ लाख २३ हजार जाईल, आणि चार वर्षं उलटली की विम्याच्या हिशेबात त्या नव्या गाडीची किंमत निम्म्यावर येते.

खरा प्रश्न गंजाचा आहे. केबल बदलताना गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि खालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, सस्पेन्शन जिथं बसतं ती जागा, सगळं बघून घ्या. तिथं पत्रा पोखरला नसेल तर गाडी ठेवा. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण २०२४ मध्ये केलंत, म्हणजे २०२९ पर्यंत कागदही ठीक आहेत. दरम्यान महिन्याला सहा हजारांची आरडी सुरू करा. तीन वर्षांत मुद्दलच २ लाख १६ हजार होईल. सहा हजार बाजूला काढणं जड गेलं, तर दहा हजारांचा हप्ता झेपणार नव्हता हे कर्ज न काढताच कळेल.

पत्रा पोखरलेला निघाला, तर गाडी विका आणि घेणाऱ्याला खरं ते सांगा. मग चार-पाच वर्षं वापरलेली गाडी बघा, कर्ज दोन लाखांच्या आत ठेवा. लेकीच्या एफडीला मात्र हात लावू नका. प्रवेशाची फी भरायची तारीख आपल्या सोयीनं पुढे जात नाही.