एनडी फिल्टर कुठला घ्यावा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पावसाळ्यात धबधब्यांचे रेशमी फोटो काढायचे आहेत. दुकानात एका फिल्टरवर एनडी८, दुसऱ्यावर ०.९, तिसऱ्यावर १०३ असं लिहिलेलं दिसलं. थेट एनडी१००० घेतला तर सगळं भागेल का? (नाशिक)

एनडी फिल्टर म्हणजे लेन्ससमोर लावायची, आत येणारा प्रकाश कमी करणारी करडी काच. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. तुम्ही पाहिलेले तिन्ही फिल्टर एकाच ताकदीचे, म्हणजे तीन स्टॉपचे आहेत. एनडी८ म्हणजे आठातला एकच हिस्सा प्रकाश आत येणार. ०.९ ही घनता, दर ०.३ ला एक स्टॉप धरायचा. १०३ हा बी+डब्ल्यू कंपनीचा स्वतःचा क्रमांक, त्यातले शेवटचे दोन आकडे स्टॉपचे. त्यांचा १०६ सहा स्टॉपचा आणि ११० दहा स्टॉपचा.

एनडी१००० म्हणजे दहा स्टॉप, आणि धबधब्याला तो बहुतेक वेळा फार होतो. ऑगस्टमधली ढगाळ सकाळ, झाडीतली जागा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ असं धरलं तर शटर १/३० सेकंदाच्या आसपास येतो. त्यावर एनडी१००० चढवला की तोच अर्ध्या मिनिटावर जातो. पाण्याचा कापूस होतो आणि वाऱ्याने हलणारी पानंही पुसली जातात. पाण्याचे धागे दिसायला हवे असतील तर पाव ते एक सेकंद पुरतो. भर पावसातल्या रंध्यासारखा दांडगा प्रपात असेल तर पाव सेकंदही चालतो, कारण पाण्यालाच वेग असतो.

म्हणून पहिला फिल्टर सहा स्टॉपचा, म्हणजे एनडी६४ घ्या. वरच्या उदाहरणात तो दोन सेकंद देईल. ते जास्त वाटले तर आयएसओ ४०० करा, अर्ध्या सेकंदावर याल. दहा स्टॉपचा समुद्रासाठी आणि पळत्या ढगांसाठी ठेवा, तोही नंतर.

प्रश्न : स्वस्तातला दहा स्टॉपचा फिल्टर घेतला. किनाऱ्यावरचे काळे कातळ तांबूस आणि झाडं मातकट येतात. व्हाइट बॅलन्स बदलूनही जात नाही. कॅमेरा बिघडला आहे का? (रत्नागिरी)

कॅमेरा ठीक असावा. दोष फिल्टरचाच दिसतो, आणि चांगला फिल्टर महाग का असतो याचं अर्धं उत्तरही इथेच आहे.

सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, पण ती सगळंच अडवत नाही. एरवी हे जाणवत नाही, कारण दृश्य प्रकाश कितीतरी पट जास्त असतो. साधा फिल्टर दृश्य प्रकाश हजारपट कमी करतो आणि इन्फ्रारेड मात्र बराचसा सोडून देतो. मग तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्या चोरट्या प्रकाशाचा वाटा एकदम मोठा होतो. हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात, म्हणून ती आधी बिघडतात. सगळ्या चित्रावर सारखी निळसर किंवा पिवळसर झाक असेल तर ती रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, निघते. ही निघत नाही, कारण प्रत्येक वस्तू आपापल्या प्रमाणात तांबडी झालेली असते.

बरेच चांगले फिल्टर काचेवर निर्वातात धातूचे अतिसूक्ष्म थर चढवून बनवतात. त्यामुळे दृश्य प्रकाश आणि इन्फ्रारेड साधारण सारख्याच प्रमाणात कमी होतात. खोक्यावर ‘आयआर’ छापलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. परत करण्याची मुदत संपायच्या आत घरीच तपासा. उन्हात काळी छत्री, नायलॉनची काळी सॅक आणि कुंडीतलं एखादं झाड एका चौकटीत घ्या. पांढऱ्या कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स करून (म्हणजे तो कागद पांढराच दिसेल असे रंग जुळवून) एक फोटो फिल्टरशिवाय काढा. मग फिल्टर लावून, कागदावरच पुन्हा व्हाइट बॅलन्स करून दुसरा. कागद पांढरा आला आणि छत्री किरमिजी, तर फिल्टर दुकानात परत.

त्याच बैठकीत ताकदही पाहा. निरभ्र दिवशी सावलीतली भिंत मॅन्युअलवर फिल्टरशिवाय १/६० ला आणि दहा स्टॉपच्या फिल्टरसह १५ सेकंदांना घ्या. दोन्ही हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातले उजेडाचे आलेख) जवळपास एकाच जागी यायला हवेत. अर्ध्या स्टॉपचा फरक असेल तर मी फिल्टर ठेवून घेतो. फरक तेवढा लक्षात ठेवायचा. कोपरे मात्र मधल्यापेक्षा तांबूस किंवा काळे दिसले तर ठेवत नाही.

काच सपाट आहे का, हे दुकानातच कळतं. फिल्टर तिरपा धरून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा आणि हात हळू फिरवा. रेघ कुठे वाकली तर लांब लेन्सवर चित्र मऊ येणार.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ करतो. व्हेरिएबल एनडी घ्यावा का? २ ते ५ स्टॉपचा पुरेल? (पुणे)

तुमच्या कामाला व्हेरिएबलच, म्हणजे फिरवून ताकद कमी-जास्त करता येणारा, हवा. वरात चालू असताना फिल्टर काढत-घालत बसायला वेळ कुठला? पण आधी हिशोब करा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० लागतो. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला कॅमेरा १/३२०० च्या घरात शटर मागतो, म्हणजे सहा स्टॉप कमी करायचे. २ ते ५ वाला इथेच तोकडा पडतो. एफ/४ वर आलात तर जेमतेम जमेल. लॉगमध्ये (रंग नंतर जुळवण्यासाठीच्या फिकट चित्रपद्धतीत) शूट करत असाल आणि त्याचा बेस, म्हणजे मूळ, आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप हवेत. तेव्हा बाहेरच्या कामाला ६ ते ९ चा आणि मांडवात, संध्याकाळी २ ते ५ चा, असे दोन ठेवा.

एकच फिल्टर १ ते १० स्टॉप देतो असं कोणी सांगितलं तर घेऊ नका. व्हेरिएबल म्हणजे एकमेकांवर फिरणारे दोन पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच सोडणाऱ्या काचा. वाइड लेन्सवर ते टोकाला नेले की चित्रात काळी फुली उमटते. दोन्ही टोकांना अडकणारी खूण असलेला, मर्यादित पल्ल्याचा फिल्टर चांगला. दुसरं म्हणजे, पोलरायझर असल्यामुळे तो चेहऱ्यावरची आणि शालूवरची चकाकी कमी-जास्त करतो. फिरवल्यावर नवरीचा चेहरा एकदा पाहून घ्या.

प्रश्न : माझ्या लेन्स ५८, ६७ आणि ७७ मिलिमीटरच्या आहेत. तीन फिल्टर घेऊ? (नागपूर)

एकच, ७७ चा. बाकी दोन लेन्सना स्टेप-अप रिंगा, म्हणजे लहान तोंडाच्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्या, लावा. पुढे ८२ ची लेन्स घेणार हे नक्की असेल तर आत्ताच ८२ चा घ्या. रिंग लावली की त्या लेन्सचं हूड बसत नाही, तेवढी गैरसोय आहे. पितळी रिंग अॅल्युमिनियमपेक्षा कमी अडकते.

प्रश्न : एनडी१००० लावून सूर्यग्रहण टिपता येईल ना? (बेळगाव)

नाही. सूर्यासाठी साधारण ५.० घनतेचा, खास सौर फिल्टर लागतो, तुमचा ३.० चा आहे, म्हणजे शंभरपट जास्त प्रकाश सोडणारा. दोन फिल्टर एकावर एक चढवून घनता जमवू नका, कारण इन्फ्रारेड किती गळतंय ते डोळ्याला कळत नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून तर मुळीच पाहू नका, दृष्टी कायमची जाऊ शकते. सौर फिल्टर लावल्यावरही फ्रेम आणि फोकस लाइव्ह व्ह्यूच्या पडद्यावरच करा. आणि नुसत्या डोळ्यांनी ग्रहण पाहायला आयएसओ १२३१२-२ मानकाचा चष्मा वेगळा घ्या. तो लावून कॅमेऱ्यात डोकावायचं नाही.