तीन प्राइम लेन्स एकदम घ्याव्यात का?

चिपळूणहून एका पालकांनी लिहिले आहे: "माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले दोन सीझन ती इथल्या एका फोटोग्राफरबरोबर लग्नाच्या ऑर्डरींना जाते आणि तिला दिवसाचे २,५०० रुपये मिळतात. तिच्याकडे कॅनन २००डी मार्क टू कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे. पुढे हाच व्यवसाय करायचे तिने ठरवले असून त्यासाठी ३५, ५० आणि ८५ मिमीच्या एफ/१.४ अशा तीन प्राइम लेन्स हव्यात, असे तिचे म्हणणे आहे. तिच्या शिक्षणासाठी दीड लाखाची ठेव ठेवली आहे. ती मोडावी, मुद्रा कर्ज काढावे, की तिला थांबायला सांगावे? मला यातले काही कळत नाही, पण समजून न घेता नाही म्हणायचे नाही."

सप्रेम नमस्कार.

ठेव आत्ता मोडू नका. मात्र मुलीची मागणी मुळात रास्त आहे. तिच्या हातातली लेन्स लग्नाच्या हॉलसाठी खरोखरच अपुरी आहे. प्रश्न तीन लेन्सचा आणि एफ/१.४ च्या आग्रहाचा आहे (एफ पुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त प्रकाश घेते). माझ्या मते या वर्षी तिने २४ मिमी एफ/२.८ आणि ५० मिमी एफ/१.८ अशा दोन साध्या लेन्स घ्याव्यात. दोन्ही मिळून खर्च पंचवीस हजारांच्या आसपास जाईल, म्हणजे तिच्याच दहा दिवसांच्या कमाईइतका. ठेवीचे पैसे पुढच्या सीझनपर्यंत राहू द्यावेत. असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, म्हणजे आपल्याला मुलीशी या विषयावर नीट बोलता येईल.

प्राइम म्हणजे एकाच फोकल लेन्थची, झूम न होणारी लेन्स. फोकल लेन्थ म्हणजे मिमीतला आकडा; तो जितका मोठा, तितके दृश्य जवळचे आणि अरुंद. झूमची सोय सोडल्यामुळे ती कमी किमतीत आणि कमी वजनात मोठे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, देऊ शकते, आणि लग्नात त्याला मोल आहे ते प्रकाशासाठी. आपल्याकडची बहुतेक मंगल कार्यालये ट्यूबलाइटवर किंवा छतातल्या एलईडीवर चालतात. स्टेजवर उजेड बरा असतो, पण वधूपक्षाच्या खोलीत, गौरीहरापाशी आणि संध्याकाळच्या पाठवणीला तो फारच कमी पडतो. १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचे ॲपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. त्याच जागी एफ/२ वर काम करणारी लेन्स सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर, आठपट प्रकाश आणते. समजा एफ/२ आणि १/२०० शटरला (म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग प्रकाश घेताना) १६०० आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, पुरत असेल, तर तोच फोटो किट लेन्सने काढायला १२,८०० आयएसओ लागेल. २००डी मार्क टू तेवढ्या आयएसओला फोटो देतो, पण अल्बमच्या मोठ्या पानावर शालूचा रंग मळकट आणि चेहऱ्याची त्वचा दाणेदार दिसते, आणि तक्रार करायला वधूची आई सर्वात आधी येते.

आता लेन्स निवडण्याआधीचा प्रश्न: लग्नात आपली मुलगी नेमकी कुठे उभी असते? त्याच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे आणि पत्रात ते नाही. आपल्याकडे एका लग्नात साधारण दोन प्रकारचे फोटोग्राफर असतात. ट्रॅडिशनल काम करणारा स्टेजसमोर उभा राहून विधींचे आणि आहेर घेऊन येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे फोटो काढतो. त्याच्यासमोर आत्ता दोघेच असतात आणि पुढच्या मिनिटाला मामाकडचे अठरा जण चढतात. त्या कामाला २४-७० सारखी झूम आणि वर फ्लॅशच हवा. तिथे प्राइम लेन्स लावून पुढे-मागे धावणाऱ्याला पाहुणे वाट पाहत थांबत नाहीत. दुसरा कॅंडिडवाला. तो हॉलभर फिरतो, फ्लॅश शक्यतो टाळतो, पाहुण्यांच्या नकळत फोटो टिपतो. प्राइम लेन्स खरी त्याची. वधूच्या खोलीतले तयारीचे फोटो काढायला अनेक कुटुंबांना मुलगी फोटोग्राफरच हवी असते, त्यामुळे आपल्या कन्येला या दुसऱ्या कामात स्वतःची जागा करणे तुलनेने सोपे जाईल. तरीही तिने आपल्या फोटोग्राफरला स्पष्ट विचारावे की पुढच्या सीझनला तिला ट्रॅडिशनलच्या मदतीला ठेवणार की कॅंडिडला. ट्रॅडिशनलला ठेवणार असतील, तर माझा वरचा सल्ला रद्द समजून तिने आधी एखादी सेकंड हँड एफ/२.८ झूम पाहावी.

कॅंडिड धरून पुढे जातो. मुलीने ३५, ५०, ८५ हे आकडे बहुधा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचे, कॅमेरे वापरणाऱ्यांकडून ऐकले असावेत. त्यांच्यासाठी ते त्रिकूट उत्तमच आहे. तिचा कॅमेरा मात्र क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा आहे आणि कॅननच्या अशा कॅमेऱ्यांत लेन्सचा दृश्यकोन १.६ पटीने आवळतो. म्हणजे तिच्या कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स ५६ सारखी, ५० ची ८० सारखी आणि ८५ ची १३६ सारखी दिसणार. याचा कार्यालयातला अर्थ असा: नवरा-नवरी डोक्यापासून पायापर्यंत उभ्या फ्रेममध्ये बसवायची असतील, तर तिच्या कॅमेऱ्यावर ८५ लावून तिला सुमारे आठ मीटर मागे जावे लागेल. पन्नासला पाच मीटर लागतील आणि २४ ला अडीच मीटरच्या आत काम होईल. मुहूर्ताच्या वेळी स्टेजपासून आठ मीटरच्या पट्ट्यात काय काय असते ते आपण जाणताच: व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड, अक्षता घेऊन उभे असलेले पाहुणे, आणि हात उंच करून मोबाइलवर चित्रण करणारी निम्मी वरातच. आठ मीटरवरची लेन्स तिथे निरुपयोगी ठरते. गौरीहराच्या खोलीत तर पन्नाससुद्धा लांब पडते. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून वधू अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत बसलेली असते, शेजारी दोन-तीन बायका असतात आणि पाठीमागे भिंत. हा फोटो २४ चाच.

म्हणून २४ आणि ५०. कॅननची २४ मिमी एफ/२.८ एसटीएम क्रॉप कॅमेऱ्यांसाठीच बनवलेली आहे. ती हातात मावेल इतकी चपटी असून १६ सेंटिमीटरवरूनही फोकस घेते, त्यामुळे मेंदीचे तळवे आणि अंगठ्या यांचेही काम भागते. तिचे एफ/२.८ हे ॲपर्चर फार मोठे नाही, हे खरे. पण रुंद कोनाच्या लेन्सला हात थोडा हलला तरी चालतो, आणि विधी बसून चालू असताना १/१०० शटर पुरते. शिवाय आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या स्वस्त एलईडी पॅनेलखाली १/१०० हे शटर सोयीचेच. मोठ्या ॲपर्चरची लेन्स मिळाली म्हणून हौसेने १/५०० ला गेले, तर फोटोत आडवे पट्टे येण्याची शक्यता असते. २०१५ पासून बाजारात असलेली ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही चेहऱ्यांसाठी: मंगळसूत्र घालताना वधूच्या मानेवर झुकलेला वर, कानपिळीच्या वेळी हसणारा भाऊ, उखाणा आठवणारी करवली. अंतरपाट दूर होतानाचे दोन-तीन सेकंद मात्र कोणत्या लेन्सने टिपायचे हे मंगलाष्टके सुरू होण्याआधीच ठरवावे लागते. तेव्हा शटर १/२५० च्या खाली नको, आणि अक्षता उडत असताना लेन्स बदलणे तर सर्वथा टाळावे, कारण उघड्या बॉडीत (लेन्स काढलेल्या कॅमेऱ्यात) तांदळाचा दाणा जाणे ही कल्पनेतली आपत्ती नव्हे.

एफ/१.४ विषयी. एफ/१.८ वरून १.४ वर गेल्याने प्रकाश पावणेदोन पटीच्याही आतच वाढतो, किंमत मात्र बहुतेक ठिकाणी त्याहून बरीच जास्त वाढते. कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांसाठीच्या आरएफ मालिकेतली ५० मिमी एफ/१.२ तर एफ/१.८ पेक्षा सव्वादोन पट प्रकाश देते आणि किंमत दहापटीच्या घरात घेते. एवढे करून ते मोठे ॲपर्चर लग्नात पूर्ण उघडता येतेच असे नाही. तिच्या कॅमेऱ्यावर दोन मीटरवरून ५० ची लेन्स एफ/१.८ ला ठेवली तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११ सेंटिमीटर खोल असतो. वर आणि वधू पाटावर शेजारी बसलेले असले तरी दोघांचे चेहरे क्वचितच एका रेषेत असतात. एकाचा डोळा नीट आला की दुसऱ्याचा सुटतो. दोघांसाठी एफ/४ पर्यंत यावेच लागते. आणि आपल्याकडच्या लग्नात मुंडावळ्या असतात. मोत्यांच्या त्या सरी चेहऱ्याच्या थोड्या पुढे लोंबतात, आणि कॅमेऱ्याला मोकळे सोडले की ऑटोफोकस डोळा सोडून मोत्यांवर जाऊन बसतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो, घरी संगणकावर मोठा केल्यावर कळते. त्यासाठी फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवण्याची सवय हवी, किंवा लाइव्ह व्ह्यूमधला (मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढतानाचा) डोळा ओळखणारा फोकस वापरावा. तो २००डी मार्क टूमध्ये आहे. मुलीने हे आधीच आत्मसात केले असेल तर उत्तमच, नसेल तर एफ/१.४ ने तिचे फसलेले फोटोच वाढतील.

तिसरी गोष्ट बॉडीची, आणि ठेव राखून ठेवण्याचे खरे कारण तीच. २००डी मार्क टूमध्ये मेमरी कार्डाची एकच जागा आहे. दुसऱ्याच्या हाताखाली काम करताना ते चालते. स्वतःच्या नावावर ऑर्डर घेतल्यावर ते एक कार्ड बिघडले, तर लग्न पुन्हा लावता येत नाही. त्यामुळे व्यवसायाच्या दिशेने तिची पुढची मोठी खरेदी म्हणजे दोन कार्डे घेणारी फुल फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेली, नव्या पद्धतीची) बॉडी असायला हवी. तिथे माउंटचा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडणीचा, प्रश्न येतो. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेससाठी नवा माउंट आणला आणि तेव्हापासून त्यांचा भर तिकडेच आहे. सोनीचा ई माउंट २०१० पासूनचा असून त्यासाठी सिग्मा, टॅमरॉन आदी इतर कंपन्यांच्या प्राइम लेन्सही भरपूर मिळतात. ती कॅननकडेच राहिली तर आजची ५० मिमी अडॅप्टर लावून ऑटोफोकससह नव्या बॉडीवर चालेल. २४ मात्र क्रॉपची असल्याने फुल फ्रेमवर चित्राचा मधला भागच देईल. ती सोनीकडे वळली तर आज घेतलेल्या दीड लाखाच्या तीन लेन्स तिला पडत्या भावाने विकाव्या लागतील. हा निर्णय घाईने होण्यासारखा नाही. येत्या सीझनमध्ये दोन-तीन ऑर्डरींना तिने पुण्या-मुंबईतून फुल फ्रेम बॉडी आणि त्यावर ३५ व ८५ भाड्याने आणून वापराव्यात, शक्य झाल्यास एकदा कॅननच्या आणि एकदा सोनीच्या. अनामत रक्कम, कुरिअरचा खर्च आणि उशिरा परत केल्यास लागणारे भाडे आधी लेखी विचारून घ्यावे. कोणती लेन्स दिवसभर कॅमेऱ्यावर राहते आणि कोणती बॅगेत पडून राहते, हे तिला परत आल्यावर फोटोंची माहिती चाळून कळेल. माझा अंदाज ३५ जिंकेल असा आहे, पण निकाल तिच्या फोटोंनी द्यावा.

लेन्स सेकंड हँड घ्यायलाही हरकत नाही. कोकणात मात्र एक काळजी जास्त घ्यावी लागते ती बुरशीची. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सच्या काचांत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून, तिरकी करून, दोन्ही बाजूंनी पाहावी. बुरशी असेल तर कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण ती आत असलेली काढणे खर्चाचे आणि बेभरवशाचे असते. घेतलेल्या लेन्ससाठी झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर एवढे पहिल्या पावसाआधी घ्यावे. चामड्याच्या बॅगेत लेन्स ठेवून पावसाळा काढू नये.

पदवी तिने पूर्ण करावी. वाणिज्य शाखा या धंद्याला परकी नाही: कोटेशन, आगाऊ रकमेची नोंद, अल्बम छापणाऱ्याचे बिल, जीएसटी, यंत्रांवरचा घसारा या गोष्टी न कळल्याने हातात उत्तम कॅमेरा असलेली माणसेही अडचणीत येतात. दोन सीझन टिकून काम केलेली मुलगी हौस म्हणून हे करत आहे असे मला वाटत नाही, आणि आपणही तसे समजू नये.

राहता राहिले कर्ज. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे कर्ज शिशु गटात आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंतचे किशोर गटात येते, त्यामुळे पुढच्या वर्षी बॉडी घेताना त्याचा विचार जरूर करता येईल. या वर्षीच्या दोन लेन्ससाठी कर्जाची गरज नाही, त्या तिने स्वतःच्या कमाईतून घ्याव्यात. पुढच्या वर्षी अर्ज करताना एक हिशोब तिनेच कागदावर मांडावा: आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास नसतात, हप्ता मात्र त्या चारही महिन्यांत भरावा लागतो, आणि तो बारसे, वाढदिवस, दुकानांच्या मालाचे फोटो अशा कोणत्या कामांतून निघेल याची नावानिशी यादी तिच्याकडे असायला हवी. ती यादी तयार झाली की आपण दोघांनी बँकेत जावे.