वाचक विचारतात : स्कोपवरचे ५ व्होल्ट

प्रश्न : माझ्या ५ व्होल्टच्या पॉवर सप्लायला मल्टीमीटर ५.०२ दाखवतो, डिजिटल ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर काढणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) ५.१६, आणि जुन्या अ‍ॅनालॉग स्कोपवर रेघ पडद्यावरच्या पाच घरांच्या (चौकटींच्या) आसपास असते. खरं कुणाचं धरायचं?

उत्तर : मल्टीमीटरचं. डिजिटल स्कोप दोन दशांश स्थळं दाखवतो, पण तेवढी अचूकता त्याच्यात नसते. बहुतेक स्कोपमध्ये ८ बिटचा एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग) असतो, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या २५६ पायऱ्या. १ व्होल्ट प्रति घर अशी ८ घरं धरली, तर एक पायरी ३१ मिलिव्होल्टची. त्यात डीसी अचूकता साधारण पूर्ण स्केलच्या ±३ टक्के, म्हणजे ०.२४ व्होल्ट इकडे किंवा तिकडे. तुमचे ५.१६ त्यात बसतात. स्कोप बिघडलेला नाही. अ‍ॅव्हरेजिंग लावलंत तर आकडा स्थिर होईल, चूक मात्र तशीच राहील.

तरीही शून्य तपासाच. स्कोप अर्धा तास चालू ठेवून प्रोबचं (मोजायच्या वायरचं) टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावा. ४०-५० मिलिव्होल्ट दिसले, तर प्रोब काढून सेल्फ-कॅलिब्रेशन चालवा. मेनूत १०एक्स (प्रोब सिग्नल दहापट कमी करतो असं धरणारं सेटिंग) आणि प्रोबवरचा स्विच १एक्सला असेल, तर ५ चे ५० दिसतात. ही चूक सर्रास होते.

अ‍ॅनालॉगवर ट्रिगर ऑटोला, कपलिंग (सिग्नल आत कसा घ्यायचा ते ठरवणारा स्विच) जीएनडीला, म्हणजे शून्यावर, ठेवून रेघ खालून दुसऱ्या आडव्या रेषेवर आणा, मग कपलिंग डीसीला करा. रेघ उडी मारून लगेच पुन्हा खाली आली, तर कपलिंग एसीवर राहिलंय, जिथे डीसी अडवलं जातं. व्होल्ट्स/डिव्ह (एका घराला किती व्होल्ट) नॉबचा मधला व्हेरिएबल नॉब ‘कॅल’मध्ये टक्‌कन बसलेला हवा, तो सुटलेला असेल तर घरं मोजून उपयोग नाही. एका घराचे ५ भाग, प्रत्येक ०.२ व्होल्टचा. फोकसने रेघ बारीक केली, डोळा अगदी समोर धरला, तरी ०.१ व्होल्टपेक्षा बारीक वाचता येत नाही.

प्रश्न : मग डीसी सप्लायला स्कोप लावायचाच कशाला?

उत्तर : रिपल, म्हणजे डीसीवरचे बारीक चढउतार, बघायला. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, ५.०२ वर स्वार झालेले ८० मिलिव्होल्टचे काटे त्याला दिसत नाहीत. एसी कपलिंग, १एक्स प्रोब, २० मिलिव्होल्ट प्रति घर आणि २० मेगाहर्ट्‌झची बँडविड्थ मर्यादा (त्यापेक्षा वेगवान सिग्नल गाळणारं सेटिंग) लावा. ग्राउंडची लांब वायर काढून प्रोबच्या टोकाजवळ छोटी स्प्रिंग वापरा, नाहीतर ती वायरच अँटेनासारखी नको असलेले सिग्नल (नॉइज) पकडते. आणि एक कायम लक्षात ठेवा : मेन्सवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूला ती कधीही लावू नका.