पशुवैद्याचा सल्ला : अचानक मृत्यूचे कारण शोधावे का?

प्रश्न : आमचा लॅब्राडॉर गब्बू नऊ वर्षांचा होता. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री तो नेहमीप्रमाणे जेवला, अंगणात फिरला आणि झोपला. पहाटे चारच्या सुमारास धडपडत उठला आणि दोन पावले चालून कोसळला. त्याच्या हिरड्या अगदी पांढऱ्या पडल्या होत्या आणि पोट किंचित फुगल्यासारखे वाटत होते. उलटी, लाळ, झटके यांपैकी काहीही झाले नाही. गाडी काढेपर्यंत त्याने प्राण सोडला. आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की कारण जाणून घ्यायचे असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन होऊ शकेल, मात्र लवकर ठरवा. मुलगा पुण्याहून ‘करून घ्या’ म्हणत होता. सासऱ्यांचे म्हणणे असे, की ज्याने एवढी वर्षे घर राखले त्याची आता चिरफाड नको. दुपारच्या आत आम्ही त्याला सिमरोलजवळच्या आमच्या शेतात पुरले. या गोष्टीला दीड महिना झाला. शेजारच्या गृहस्थांचे त्याच्या भुंकण्यावरून आमच्याशी वाजले होते, त्यामुळे यजमानांच्या मनात विषप्रयोगाचा संशय बसला आहे. ओट्याखाली उंदरांचे औषध आम्हीच ठेवले होते, याची बोचणी मला आहे. गब्बूची दोन वर्षांची मुलगी आमच्याच घरात आहे. आमचे चुकले का? आता काही कळू शकेल का, आणि ते शोधावे का?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : आपल्या सासऱ्यांची भावना मला परकी वाटत नाही आणि शवविच्छेदन न करण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबाला आहे. तरीही त्या सकाळी आपण मला विचारले असते, तर मी ते करून घ्यायला सांगितले असते. माझी कसोटी साधी आहे : मिळालेल्या उत्तराचा एखाद्या जिवंत प्राण्याला किंवा माणसाला उपयोग होणार आहे का? आपल्या घरात उंदरांचे औषध होते आणि दुसरे कुत्रे होते. विष निघाले असते तर त्याच दिवशी तिच्यावर उपचार सुरू करता आले असते. घरात दुसरा प्राणी नसता, लहान मुले नसती आणि गेलेला प्राणी पंधरा वर्षांचा असता, तर मी सासऱ्यांच्या बाजूने बोललो असतो.

आता कळू शकेल का, याचे उत्तर शरीराच्या बाबतीत नाही असेच आहे. मृत्यूनंतर पेशींतील स्वतःचीच पाचक द्रव्ये पेशींना विरघळवू लागतात आणि उष्णतेत ही क्रिया फार वेगाने होते. मे महिन्यातील इंदूरच्या उन्हात काही तासांतच आतड्यांची आणि यकृताची सूक्ष्म रचना बिघडू लागते, आणि नंतर पावसाळी मातीत दीड महिना गेल्यावर आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतील असे मऊ अवयव उरत नाहीत. म्हणून खड्डा उकरण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा.

मात्र आपल्या पत्रातच बरेच काही आहे, आणि डॉक्टरांना त्या पहाटेच्या घाईत फोनवर ते सगळे सांगता आले असेल असे मला वाटत नाही. हिरड्या पांढऱ्या पडणे, पोट फुगणे आणि काही मिनिटांत कोसळणे ही तीन लक्षणे एकत्र आली की पोटात झालेल्या मोठ्या रक्तस्रावाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. मोठ्या चणीच्या, उतारवयाकडे झुकलेल्या कुत्र्यांत प्लीहेवर रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा एक कर्करोग होतो, ज्याला हिमॅन्जिओसार्कोमा म्हणतात. ही गाठ महिनोन्महिने काहीही जाणवू न देता वाढते आणि एक दिवस फुटते. कुत्रे आदल्या संध्याकाळी पोटभर जेवलेले असते, खेळलेले असते. क्वचित आधी लहान रक्तस्राव होऊन गेलेले असतात. अशा वेळी कुत्रे एखादा दिवस मलूल राहते, पोटातील रक्त शरीर पुन्हा शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी ते जणू काही झालेच नाही अशा थाटात फिरू लागते. गब्बूचा असा एखादा दिवस घरच्यांना आठवतो का, ते पाहावे. आठवला तर या तर्काला बळ मिळेल. पण तो दिवस तेव्हाच ओळखायला हवा होता, असा अर्थ त्यातून काढू नये. एका दिवसाच्या मलूलपणासाठी कोणी सोनोग्राफी करत नाही, आणि करा असे सहसा कोणी डॉक्टरही सांगत नाहीत. पोटाला पीळ पडणे हे दुसरे कारण मोठ्या कुत्र्यांत आढळते, पण त्यात कुत्रे बराच वेळ उलटीचे निष्फळ उमाळे देत अस्वस्थ फिरते, आणि आपण तसे काही लिहिलेले नाही. हृदयाचा ठोका अचानक बिघडूनही मृत्यू येतो. मात्र केवळ ठोका बिघडला असेल तर शवविच्छेदनातही काही हाती लागत नाही, हे आपल्या मुलाला सांगायला हवे, कारण तो ज्या खात्रीची अपेक्षा करत होता ती त्या दिवशीही मिळालीच असती असे नाही.

ओट्याखालच्या औषधाबद्दल. त्याची डबी अजून असेल तर तिच्यावरील घटकाचे नाव वाचावे. ब्रोमाडायोलोन किंवा त्या जातीचे औषध असेल तर ते रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते, पण लगेच नव्हे. साधारण तीन ते पाच दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो आणि त्याआधी बहुधा सुस्ती, खोकला, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शी अशा खुणा दिसतात. झिंक फॉस्फाइड काही तासांतच काम करते आणि त्यात उलट्या व पोटदुखी ठळक असते. शेतात वापरल्या जाणाऱ्या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांनी लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात. आपण वर्णन केलेले चित्र यांपैकी कशाशीच नीट जुळत नाही. ब्रोमाडायोलोनची शक्यता मी शून्य म्हणणार नाही, कारण काही कुत्र्यांत आधीच्या खुणा लक्षात येत नाहीत. परंतु डबी अर्धी खाल्लेली किंवा कुरतडलेली नव्हती, एवढे आठवत असेल तर आपण ही बोचणी बाजूला ठेवावी. डबी मात्र आजच घराबाहेर काढावी. या औषधावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे आणि वेळेत दिला तर कुत्रे वाचते, हे गब्बूच्या मुलीसाठी लक्षात ठेवावे. तिने मे महिन्यात काही खाल्ले असते तर त्याचा परिणाम केव्हाच दिसला असता; आता त्यासाठी रक्ततपासणीची गरज नाही. तिच्या प्लीहेची काळजी वाटत असेल तर दोन वर्षांच्या वयात सोनोग्राफी करून काही साधणार नाही. सहा-सात वर्षांची झाल्यावर वर्षातून एकदा ती करून घ्यावी. त्या गाठीची प्रवृत्ती काही जातींत अधिक दिसते, पण आईबापाला झाली म्हणजे पिल्लालाही होणारच, असे नसते.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. यजमानांना स्पष्ट सांगावे, की पुरावा नसताना हा संशय मनातच ठेवलेला बरा. विष देऊन प्राणी मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. एवढ्या गंभीर आरोपाला भुंकण्यावरून झालेली बाचाबाची पुरत नाही. खराच संशय असेल तर आधी पोलिसांत तक्रार द्यायची, त्यांच्यामार्फत शासकीय पशुचिकित्सालयात शवविच्छेदन करून घ्यायचे आणि जठरातील अन्न, यकृत व मूत्रपिंडाचे नमुने सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाऊ द्यायचे, असा मार्ग असतो. नमुने कोणाच्या हातून कोणाकडे गेले याची नोंद त्यातूनच राहते. तो मार्ग आता बंद झाला आहे, आणि आपण लिहिलेल्या लक्षणांकडे पाहता तो उघडा असता तरी त्याच्या शेवटी शेजारी सापडले असते असे मला वाटत नाही.

प्रश्न : नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच रात्री आमची मांजरी दवाखान्यातच मरण पावली. डॉक्टर म्हणतात, ‘भूल सहन झाली नाही.’ त्यांच्याकडे कागद मागितले तर त्यांना तो आरोप वाटेल का? दुसऱ्या मांजरीची हीच शस्त्रक्रिया करायची आहे.
— एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर : कागद अवश्य मागावेत. दुसरी मांजरी आहे हेच कारण डॉक्टरांना सांगावे. ते खरे आहे आणि त्यात आरोप नाही. वजन किती नोंदले, शस्त्रक्रियेआधी हृदय तपासले का, भुलीची कोणती औषधे किती प्रमाणात आणि किती वाजता दिली, शुद्धीवर येताना जवळ कोण होते, शरीराचे तापमान आणि श्वास पाहिले गेले का, एवढे केस पेपरवर असायला हवे. मांजरांत हृदयाची भिंत जाड होण्याचा आजार बाहेरून काहीही न दिसता असू शकतो आणि भुलीच्या वेळी तो प्रथमच उघडकीस येतो. दोघी एका वेतातील असतील तर दुसरीची इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय तिला भूल देऊ नये.

अशा प्रसंगी शवविच्छेदन करायचे असेल तर ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः करू नये, दुसऱ्या संस्थेत करावे. यात डॉक्टरांचेही हित आहे. बीजकोशाच्या रक्तवाहिनीची गाठ सुटून रक्तस्राव झाला असेल तर तो उघड दिसतो. भुलीचे प्रमाण चुकले असेल तर अवयवांवर खूण राहत नाही, म्हणून तेथे नोंदींचे मोल अधिक आहे. कागद मिळालेच नाहीत किंवा त्यांत गंभीर विसंगती आढळली, तर राज्य पशुवैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. पण आधी एकदा समोर बसून बोलावे. पुष्कळ डॉक्टर टाळाटाळ करतात ती भीतीपोटी, आणि शांतपणे विचारले की बोलतात.

प्रश्न : आमचा कुत्रा तेरा वर्षांचा आहे. वेळ आल्यावर घरात वाद नको, म्हणून आधीच ठरवून ठेवायचे आहे. काय लक्षात ठेवावे?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : कारण शोधायचे ठरले तर शरीर थंड ठेवावे, पण गोठवू नये. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे फारसे उरत नाही. अंगावर दाट केस असतील तर ते गार पाण्याने भिजवावेत, शरीर प्लास्टिकमध्ये गुंडाळावे, भोवती बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात आणि शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत तर नक्कीच, तपासणीसाठी पोहोचवावे. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून साधारण 25 किलोमीटरवर आहे. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून तेथे बोलणे करून घ्यावे, कारण सुटीच्या दिवशी पॅथॉलॉजी विभागात कोणी असेलच असे नाही. शेवटच्या दोन दिवसांत काय खाल्ले, कोणती औषधे चालू होती, पहिले लक्षण किती वाजता दिसले, हे कागदावर लिहून सोबत द्यावे. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा निष्कर्ष त्याच दिवशी कळतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या अवयवांच्या तुकड्यांचा अहवाल यायला काही दिवस किंवा आठवडे लागतात. विषाची तपासणी वेगळी असते आणि कोणते विष शोधायचे ते प्रयोगशाळेला सांगावे लागते; ‘सगळी विषे पाहा’ अशी एक चाचणी नसते.

एका परिस्थितीत घरच्यांच्या इच्छेला फारसा वाव नाही. शेवटच्या दिवसांत कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला, विनाकारण चावला, गिळता येईना किंवा मागचे पाय लुळे पडले, तर रेबीजचा विचार करून शरीराला उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि डॉक्टरांना तसे सांगून मेंदूची तपासणी करून घ्यावी. ज्यांना चावा बसला किंवा ज्यांच्या जखमेवर लाळ लागली त्यांनी ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. अहवालाची वाट पाहू नये.

एरवी तेरा वर्षांच्या कुत्र्याच्या बाबतीत घरात दुसरा प्राणी नसेल तर तपासणी न करण्याचे ठरवणेही योग्यच आहे. करायचे असेल तर शरीर परत मिळेल का, शिवून मिळेल का आणि खर्च किती, हे तीन प्रश्न महाविद्यालयात आत्ताच विचारून ठेवावेत. बहुतेक घरांत वाद शवविच्छेदनावरून कमी आणि शरीर परत मिळणार नाही या भीतीवरून जास्त होतो, आणि तिचे निरसन एका फोनने होते.