‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊ नये म्हणून

दिवाळी आटोपली की माझ्याकडे ठरावीक प्रश्नांची रीघ लागते. कारणही ठरलेलं असतं : २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी आपलं पुस्तक प्रकाशित व्हावं असं पुष्कळांना वाटतं. कुणाचा चाळीस पानांचा कवितासंग्रह असतो, कुणाची चित्रांची पुस्तिका, कुणाचं शाळेतल्या मुलांचं लेखन. अशी छोटी पुस्तकं छापून घेण्याचं काम मी पुण्यात वीस-बावीस वर्षं करते आहे, आणि दर वर्षी तेच गैरसमज नव्याने भेटतात. या वेळचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देते.

प्रश्न : एका एजंटने आयएसबीएनसाठी तीन हजार रुपये मागितले आहेत. दर बरोबर आहे का? (नगर)

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तो फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. एजंटने त्याच्या प्रकाशनाच्या नावावर क्रमांक घेतला, तर नोंदीत तुमच्या पुस्तकाचा प्रकाशक तो ठरतो, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : माझ्या कविता जेमतेम चाळीस पानं भरतात. ४९ पानांहून कमी असेल तर ते पुस्तकच धरत नाहीत आणि आयएसबीएनही मिळत नाही, असं ऐकलं. खरं का? (कणकवली)

निम्मं ऐकलंत. युनेस्कोने १९६४ साली आकडेवारी गोळा करण्यासाठी एक व्याख्या केली. तिच्यात मुखपृष्ठ सोडून किमान ४९ पानं असतील ते पुस्तक आणि ५ ते ४८ पानं असतील ती पुस्तिका. ही रेघ देशोदेशीची मोजदाद जुळावी म्हणून ओढली होती. आयएसबीएन पुस्तिकेलाही मिळतो. पुरस्कारांच्या नियमांत मात्र पानांची अट असू शकते, तेव्हा जिथे पाठवायचं असेल तिथली नियमावली आधी मागवून वाचा. कृपा करून पानं भरण्यासाठी कच्च्या कविता घालू नका. १९५०च्या दशकात ‘शब्द’सारखी अनियतकालिकं सायक्लोस्टाइल करून (स्टेन्सिलवरून प्रती काढून) निघत होती आणि मराठी कविता त्यांच्यातून पुढे गेली.

प्रश्न : पंचवीस कवींच्या प्रातिनिधिक संग्रहात माझ्या दोन कविता ‘निवडल्या’ आहेत. हजार रुपये सहभाग शुल्क, त्यात दोन प्रती, सन्मानपत्र आणि ट्रॉफी. भरू का? (परभणी)

निवड झाली असेल तर पैसे कशाचे, हे आधी विचारा. पंचवीस जणांचे पंचवीस हजार आणि छापायच्या प्रती बहुतेक वेळा कवींना वाटण्यापुरत्याच. हा हिशेब कागदावर मांडून पाहा. चार मित्रांनी वर्गणी काढून संग्रह काढणं ही चांगली गोष्ट आहे, फक्त तिथे खर्चाचा कागद सगळ्यांसमोर असतो. इथे संपादक कोण, नाकारलेल्या कविता किती, प्रती किती छापणार आणि कुठे विकणार, एवढं लेखी मागा. उत्तर आलं नाही तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

हक्कांचंही पाहा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशी ओळ असलेल्या फॉर्मवर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आपल्याच कविता पुढे आपल्याच संग्रहात घेताना परवानगी मागण्याची पाळी आलेले कवी मी पाहिले आहेत.

प्रश्न : कॉपीराइटची नोंदणी न करता कविता छापल्या तर हक्क जातात का? (ठाणे)

नाही. लिहिल्याक्षणी हक्क तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वादात पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो.

प्रश्न : कविता जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. डीटीपीवाला (संगणकावर पानं जुळवणारा) त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत ‘कन्व्हर्ट’ करून देतो आहे. प्रकाशन बारा दिवसांवर आहे. त्याने व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली, मी वरवर पाहिली, ठीक वाटते. ओके सांगू ना? (संगमनेर)

सांगू नका. या प्रश्नाला मी थोडक्यात उत्तर देणार नाही, कारण यात मी छापून घेतलेलं एक पुस्तक बिघडलं आहे.

एका कवयित्रीचा पहिला संग्रह होता, तीनशे प्रती. भंडारदऱ्याच्या बाजूच्या डोंगरांवरची एक कविता त्यात होती आणि ‘दऱ्या’ हा शब्द तिच्यात चारदा आला होता. प्रकाशनाच्या दिवशी त्या स्वतः पुस्तकातून वाचायला उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या कडव्यात थांबल्या. छापलं होतं ‘दर्या’. डोंगराच्या कवितेत चार ठिकाणी समुद्र शिरला होता. प्रूफ मीच पाहिलं होतं. ‘वार्यावर’ छापलं असतं तर डोळ्याला खुपलं असतं, ‘किनार्याला’ही खुपलं असतं. ‘दर्या’ हा मराठीतला चांगला, खरा शब्द आहे, म्हणून नजर त्यावरून सरकली. मग आम्ही तीनशे शुद्धिपत्रं छापून चिकटवली. त्या बाईंनी एका शब्दानेही मला बोल लावला नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

हे का होतं ते समजून घ्या. जुन्या फॉन्टांमध्ये अक्षर साठवलेलं नसे, अक्षराचे तुकडे साठवलेले असत : काना वेगळा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार वेगळा. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. कन्व्हर्टर हे तुकडे जुळवून युनिकोडची अक्षरं तयार करतो आणि चुका ठरावीक जागी करतो : रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मधेच बसते, ‘रु’ आणि ‘रू’ बदलतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. ‘ऱ्य’ची गोष्ट आणखी नाजूक आहे. तो बऱ्याचदा ‘र’, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा लिहिलेला असतो. मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना ते न दिसणारं चिन्ह गळालं की ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. मग दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्याचा आचार्य.

सॉफ्टवेअरचाही प्रश्न असतो. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात. भाषा ‘मराठी’ लावली नाही, तर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. डीटीपीवाल्याला हे दोन प्रश्न सरळ विचारा. त्याला माहीत नसेल तर माहीत असलेल्याकडे काम न्या. चांगले फॉन्ट महाग असतात ही सबबही ऐकू नका, मुक्त परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट आज आहेत : ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका, तिरो देवनागरी मराठी.

गद्यात अक्षर चुकलं तर वाचक संदर्भाने सावरून घेतो. कवितेत ओळ तुटली तरी अर्थ बदलतो. व्हॉट्सअॅपवरून उचललेल्या मजकुरात कडव्यांमधली मोकळी ओळ हमखास जाते. कडवं नेमकं पानाच्या तळाशी संपलं, तर पुढच्या पानावर नवं कडवं आहे की तेच चालू आहे, हे वाचकाला कळत नाही. म्हणून अक्षराचा आकार ठरवण्याआधी संग्रहातली सगळ्यात लांब ओळ शोधायची आणि ती पानाच्या रुंदीत मावते का ते पाहायचं. मावत नसेल आणि दुमडावी लागली, तर उरलेला तुकडा आत सरकवून लावायचा, म्हणजे ती नवी ओळ नाही हे दिसतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. मोबाइलवर पाहू नका, तिथे पान बोटाने मोठं होतं आणि चुका लहान होतात. पुस्तकाच्या खऱ्या आकारात प्रिंट काढा. एकाने मूळ वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रिंटवर बोट ठेवून जायचं, विरामचिन्हांसकट. मग ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चे सगळे शब्द वेगळे शोधायचे : वारा, तारा, किनारा, दरी यांची रूपं, वऱ्हाड, तऱ्हा. दुरुस्तीनंतर पुन्हा प्रिंट, कारण दुरुस्ती करताना शेजारची ओळ हलते. शेवटी कवीची पानापानावर सही. बारा दिवसांत हे सगळं होत नसेल तर प्रकाशन पुढे ढकला. हॉल पुन्हा मिळतो, छापलेली प्रत परत घेता येत नाही. आणि तिसरा वाचक म्हणून पुस्तक पहिल्यांदाच वाचणाऱ्या एखाद्या मुद्रितशोधकाला बसवा. त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या.

प्रश्न : गूगलवर मिळालेली चित्रं आतल्या पानांवर वापरली तर चालेल का? (नागपूर)

नाही. चित्रकाराची लेखी परवानगी हवी.

प्रश्न : बत्तीस पानांची सचित्र पुस्तिका, मध्ये पिना मारायच्या. डावी-उजवी मिळून एकच मोठं चित्र तीन ठिकाणी हवं. छापखाना कुरकुर करतो. (कोल्हापूर)

छापखान्याचं म्हणणं रास्त आहे. पिनिंगच्या पुस्तिकेत समोरासमोरची दोन पानं एकाच कागदावर येतात ती फक्त मधोमध, म्हणजे बत्तिसांत १६ आणि १७. इतरत्र अर्धं चित्र एका कागदावर आणि अर्धं दुसऱ्यावर, त्यामुळे जोडावर थोडी सरक येते. मोठं चित्र मध्यावर ठेवा. बाकीची दोन अशी निवडा की जोडावर चेहरा किंवा अक्षर येणार नाही. पानं नेहमी चारच्या पटीत लागतात. चित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआयला (दर इंचात ३०० ठिपके) स्कॅन झालेलं हवं, निव्वळ रेषाचित्र असेल तर ६००च्या वर. कडेपर्यंत जाणारं चित्र कटिंगसाठी ३ मिलिमीटर बाहेर वाढवून घ्या. या सगळ्याआधी आठ कोरे कागद मधून दुमडून हाताने डमी करा, त्यावर पेन्सिलीने चित्रांच्या चौकटी काढा आणि ती डमी घेऊन छापखान्यात जा. अर्ध्या तासात सगळे वाद मिटतात.

चित्रकार मित्र असला तरी त्याचं मानधन, नाव कुठे येणार, मूळ चित्रं कुणाकडे राहणार आणि दुसऱ्या आवृत्तीचं काय, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क कुणाचा, यावर कायद्यात बारकावे आहेत, मोठा प्रकल्प असेल तर वकिलाला विचारा.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दर वर्षी हस्तलिखित काढतो, यंदा मुलांच्या कविता आणि चित्रं छापायची आहेत. भाषा शुद्ध करून घेतली आहे. आणखी काय काळजी घ्यावी? (अकोले)

आधी त्या ‘शुद्ध करून घेतली’कडे येते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, गळालेलं अक्षर हे जरूर सुधारा. पण मुलीने ‘आईनी लई येळ वाट बघितली’ लिहिलं असेल आणि तुम्ही ‘आईने खूप वेळ प्रतीक्षा केली’ केलं असेल, तर ती ओळ आता तिची राहिली नाही. मूळ वह्या काढा, तिच्याशेजारी बसा, ओळ मोठ्याने वाचा आणि तिलाच विचारा की तुला कशी हवी आहे. मुलं फार नेमकं उत्तर देतात.

हक्काचं म्हणाल तर कविता आणि चित्र त्या मुलाचं आहे, शाळेचं नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाशी केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या आणि मुख्याध्यापकांशी बोलून ती दप्तरी ठेवा. नाव आणि इयत्ता छापा. घरचा पत्ता, फोन छापू नका. फोटोसाठी वेगळी संमती. चित्रं मोबाइलने टिपू नका, कागदाची सुरकुती आणि हाताची सावली छापून येते. तालुक्याच्या गावी स्कॅन करून घ्या. भडक गुलाबी आणि पोपटी खडूचे रंग छपाईत फिके पडतात, ते मुलांना आधीच सांगून ठेवा. मूळ चित्र परत द्या. प्रत्येक मुलाला प्रत द्यायचीच, मग उरलेल्या पाहुण्यांना.

प्रश्न : हजार प्रती छापल्या तर एक प्रत खूप स्वस्त पडते म्हणतात. (सोलापूर)

पडते, आणि आठशे प्रती माळ्यावर पडतात. पहिल्या संग्रहाला दीडशे-दोनशे डिजिटल छापा, संपल्या की पुन्हा. तीनशे-चारशेच्या पुढे जायचं असेल तर ऑफसेटचाही (प्लेट करून जास्त प्रती छापण्याच्या पद्धतीचा) दर मागवा आणि दोन्ही दरपत्रकं शेजारी ठेवून पाहा. कागद, जीएसएम (चौरस मीटरमागे कागदाचं वजन) आणि बाइंडिंग दोन्हीकडे तेच लिहिलेलं हवं.

प्रश्न : सुरुवातीच्या पानावर मर्ढेकरांच्या आणि कुसुमाग्रजांच्या प्रत्येकी एकेक पूर्ण कविता घ्यायच्या आहेत. (डोंबिवली)

हक्क कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७पासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. प्रकाशकाला पत्र लिहा आणि उत्तर येईपर्यंत ते पान छापू नका.

प्रश्न : पुस्तक ग्रंथालयांना पाठवणं सक्तीचं आहे का? (गोवा)

आहे. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटी, चेन्नईचं कनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः प्रकाशक असाल तर ही जबाबदारी तुमची. छपाईच्या हिशेबात या चार प्रती पहिल्यापासून धरा.

प्रश्न : बुकपोस्ट बंद झालं. आता वाचकांना प्रती स्वस्तात कशा पाठवू? (धुळे)

१ मे २०२५पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, कर वेगळा. पुस्तकात जाहिराती नकोत आणि मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, म्हणून श्रेयनामावलीचं पान विसरू नका. पहिली प्रत पाकीट न चिकटवता पोस्टात घेऊन जा, खिडकीवर दाखवा, वजन आणि दर विचारून घ्या, मग बाकीची पाकिटं बंद करा.