'मर्चंट मरीन'मधले आजोबा: नौसैनिक की खलाशी?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "माझ्या सुनेचे आजोबा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात ते 'मर्चंट मरीन'मध्ये होते, अटलांटिकच्या फेऱ्या करायचे. नातवासाठी दोन्ही घराण्यांची हकिकत मी मराठीत लिहिते आहे. त्यांना 'नौसैनिक' म्हटलं तर सून म्हणाली, हे चूक आहे. 'खलाशी' लिहायला मन घेत नाही, कमीपणा वाटतो. 'व्यापारी नाविक' चालेल का? आणि 'कॉन्व्हॉय'ला काय म्हणू?"

ताई, सुनेचं बरोबर आहे. नौसैनिक म्हणजे नौदलाचा सैनिक, आणि हे आजोबा सैनिक नव्हते. सरकारी सामान, सरकारी हुकूम, समोर पाणबुडी, सगळं युद्धाचंच. पण तो माणूस मालवाहू जहाजांच्या कंपनीशी करार करून, बहुधा एकेका सफरीपुरता, बोटीवर चढायचा. तो कागदोपत्री नागरिक होता, आणि त्या कागदाची किंमत त्यानं फार वर्षं मोजली.

१९४४ साली अमेरिकेनं युद्धावरून परतणाऱ्यांना शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी कर्ज देणारा मोठा कायदा केला. नौदलातल्यांना तो लागू झाला, मालवाहू जहाजांवरच्या माणसांना नाही. का, तर ते 'माजी सैनिक' नव्हेत. मृत्यूचं प्रमाण पाहिलं तर यांचं नुकसान कोणत्याही सैन्यदलापेक्षा कमी नव्हतं. दर २६ जणांमागे एक गेला, असा अंदाज तिकडे नेहमी दिला जातो. शेवटी काही जण न्यायालयात गेले, १९८७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि जानेवारी १९८८ मध्ये त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळाला. १९४३ साली जो अठरा वर्षांचा होता, तो तोवर त्रेसष्टचा झाला होता. एका शब्दासाठी इतकी वर्षं झगडलेल्या माणसांना आपण सहज 'नौसैनिक' लिहून टाकलं, तर तो सन्मान वाटेल खरा, पण तो झगडाच पुसला जाईल. म्हणून मी तो शब्द वापरणार नाही.

आता 'मरीन'. घोटाळ्याचं मूळ इथे आहे. या शब्दाला दोन अर्थ आहेत: समुद्राचं ते मरीन, आणि जहाजावरचा पायदळ सैनिक तोही मरीन. मुंबईत दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. मरीन ड्राइव्हमधलं मरीन समुद्राचं आहे, तर मरीन लाइन्स हे नाव तिथल्या जुन्या मरीन बटालियनच्या वसाहतीवरून पडलं, म्हणजे सैनिकांचं. 'मर्चंट मरीन'मध्ये पहिला अर्थ आहे, आणि तोही माणसाचा नव्हे, देशाच्या सगळ्या मालवाहू ताफ्याचा. ब्रिटनमध्ये याच ताफ्याला 'मर्चंट नेव्ही' म्हणतात. आपल्याकडे इंग्रजी अंमलामुळे तोच शब्द रुजला. "मुलगा मर्चंट नेव्हीत आहे" हे कोकणात आजही कुणालाही कळतं, आणि त्यातल्या 'नेव्ही'मुळे कुणी त्याला सैनिक समजत नाही. नातवासाठी पहिल्या उल्लेखात 'अमेरिकेची मर्चंट मरीन, म्हणजे आपण जिला मर्चंट नेव्ही म्हणतो ती' एवढं म्हटलं की पुरे.

'व्यापारी नाविक' मला पटत नाही. मराठीत व्यापारी म्हणजे आधी व्यापार करणारा माणूस. वाचणाऱ्याला वाटेल, आजोबा जहाजातून कापड विकायला जायचे. 'व्यापारी जहाजावरचा' चालेल, 'मालवाहू जहाजावरचा' त्याहून चांगलं.

आणि खलाशी? ताई, या शब्दाचा कमीपणा मानू नका. तो अरबी 'खलास'वरून आला, म्हणजे सोडवणं, मोकळं करणं. तंबू ठोकणारा, मोजणीची साखळी धरणारा आणि जहाजावर काम करणारा, तिघांनाही तो लागला. रेल्वेत तर तो हुद्दा म्हणूनही रुळला. हा शब्द हातानं काम करणाऱ्याचा आहे, सैनिकाचा कधीच नव्हता. त्याच्या उलट गंमत 'लष्कर' शब्दाची. फारसीत आणि मराठीत लष्कर म्हणजे सैन्य. तोच शब्द इंग्रजीत 'लास्कर' झाला आणि ब्रिटिश आगबोटींवरच्या हिंदी खलाशाला चिकटला, ज्याला सैनिक कुणीच मानलं नाही. 'सारंग' फारसी 'सरहंग'वरून आला. इराणात सरहंग म्हणजे आज कर्नल, आणि आपल्याकडे खलाशांचा मुकादम. रत्नागिरीकडची, गोव्याची माणसं या नावांखाली ब्रिटिश बोटींवर होती आणि अटलांटिकमध्येही बुडाली. सैनिकी शब्द असे बिनसैनिकी माणसांवर येऊन स्थिरावले, पण सैनिकाचा मान काही बरोबर आला नाही. अमेरिकन आजोबांचं दुःख मराठी वाचकाला परकं वाटू नये, ते यासाठीही.

जहाजावर आजोबा काय काम करायचे, हे सुनेला विचारा. इंजिनात वंगण घालणारे असतील तर लास्करांच्या बोलीतला 'तेलवाला' आहे, बॉयलरपाशी असतील तर 'आगवाला'. हे दोन्ही शब्द मला फार आवडतात. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, असतील तर मात्र 'बोसन'च ठेवा, 'सारंग' म्हटलं की लगेच हिंदी खलाशांची टोळी डोळ्यांपुढे येते.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. ते नौदलाच्या 'आर्म्ड गार्ड'मध्ये तर नव्हते ना? मालवाहू जहाजांवर तोफा चालवायला अमेरिकन नौदल आपली माणसं बसवायचं, त्या दलाचं हे नाव. ते असले तर 'नौसैनिक'च बरोबर. 'सशस्त्र रक्षक' मात्र करू नका, बँकेच्या दारातला बंदूकधारी आठवतो. पेशवाईत याला 'गोलंदाज' म्हटलं असतं, पण तो शब्द क्रिकेटनं कायमचा नेला. 'तोफची' अजून मोकळा आहे. 'जहाजावर नेमलेला नौदलाचा तोफची' असं लिहावं.

हा फरक किती बारीक आणि किती खरा होता, ते 'स्टीफन हॉपकिन्स' या लिबर्टी जहाजाच्या (युद्धकाळात अमेरिकेनं एकाच साच्यात भराभर बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी एक) हकिकतीत दिसतं. २७ सप्टेंबर १९४२, दक्षिण अटलांटिक. केपटाउनहून निघालेल्या या जहाजाला 'श्टीअर' ही जर्मन हल्लेखोर बोट आडवी आली. तिच्याकडे १५ सेंटिमीटरच्या सहा तोफा होत्या, हॉपकिन्सच्या मागच्या टोकाला मोठी अशी एकच चार इंची. तिच्यावर नौदलाचा तरुण अधिकारी केनेथ विलेट आणि त्याचे तोफची. विलेट सुरुवातीलाच जबर जखमी झाला, तरी मारा चालू ठेवला. तोफची एकेक करून पडले. तेव्हा इंजिनखात्यातला शिकाऊ एडविन ओहारा तोफेपाशी गेला आणि उरलेले पाच गोळे त्यानं झाडले. हॉपकिन्स बुडालं, पण 'श्टीअर'ही वाचली नाही. एक होडी ३१ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली, तीत पंधरा जण जिवंत होते. विलेट आणि ओहारा त्यांत नव्हते.

मरणोत्तर विलेटला 'नेव्ही क्रॉस' हे नौदलाचं शौर्यपदक मिळालं, ओहाराला मर्चंट मरीनचं वेगळं पदक. पुढे विलेटचं नाव एका युद्धनौकेला दिलं गेलं आणि ओहाराचं एका लिबर्टी मालवाहू जहाजाला. दोघांनी चालवली ती तोफ एकच होती. मराठीत हे सांगताना एकाला नौसैनिक आणि दुसऱ्याला खलाशी म्हणावंच लागतं, आणि त्या वाक्यात खलाशी शब्द तसूभरही खाली पडत नाही.

राहिला 'कॉन्व्हॉय', म्हणजे युद्धनौकांच्या पहाऱ्यात जाणारा जहाजांचा जथा. 'ताफा' मंत्र्यांच्या गाड्यांनी घेतला आहे. 'तांडा' जवळचा वाटतो, पण तो जमिनीवरचा. ('तांडेल', म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, या शब्दाचं नातं काही कोशकार तांड्याशी जोडतात, तर काही मल्याळममधल्या वल्ह्याशी. वाद जुना आहे.) माझं मत 'काफिल्या'ला. तोही मुळात वाळवंटातला, पण सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याच किनाऱ्यावर समुद्रात आणला. युद्धनौकांच्या पहाऱ्यात गोव्याहून खंबायतकडे जाणाऱ्या, कानड्या किनाऱ्याहून तांदूळ आणणाऱ्या जहाजांच्या जथ्याला ते 'काफिला'च म्हणत. नेमका हाच अर्थ आपल्याला हवा आहे.

आजोबा रशियाच्या उत्तर वाटेनं गेले असतील, तर आणखी एक शब्द जपून वापरा. ४ जुलै १९४२ च्या रात्री ब्रिटिश नौदल मुख्यालयानं 'पीक्यू १७' या काफिल्याला, ज्यात बरीच जहाजं अमेरिकन होती, आधी एक हुकूम दिला: रांग मोडून ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं बंदर गाठावं. काही मिनिटांतच तो बदलून दुसरा आला: चहू दिशांना फुटा. इंग्रजीत हे दोन वेगळे ठराविक शब्द आहेत. मराठी अनुवादात दोन्हींसाठी 'पांगा' लिहिलं, तर दुसऱ्या हुकमातली भीती नाहीशी होते. शत्रूच्या युद्धनौका अगदी जवळ आल्या असाव्यात, असंच तिथल्या लोकांना त्या शब्दावरून वाटलं. पहिल्यासाठी 'पांगा' घ्या, दुसऱ्यासाठी 'उधळा'. ३५ जहाजांपैकी २४ गेली.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: "तुझ्या आईचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मालवाहू जहाजांवर खलाशी होते. काफिल्यांतून त्यांनी अटलांटिक ओलांडला. त्यांच्या सरकारनं १९८८ साली त्यांना माजी सैनिक मानलं." ते तोवर हयात नसतील, तर शेवटच्या वाक्यात 'त्यांना'च्या जागी 'त्यांच्यासारख्यांना' लिहा.