पाबळला जातोयस, तर एवढं ऐक

कॉलेजऐवजी वर्षभर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकायचं ठरवलंस ना? चांगलं केलंस. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये हे सुरू केलं तेव्हापासून तिथलं सूत्र एकच, हातानं करत शिकायचं. वेल्डिंग, वायरिंग, शेती, सगळंच. आवडेल तेवढंच धरून बसू नकोस.

पहिलं काम छोटं घे. मी उत्साहात पत्र्याची शेड घेतली आणि पायाच गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हता (हसू नकोस). साधं लोखंडी स्टूल कर, पण खऱ्या गिऱ्हाइकासाठी. डुगडुगलं तर तो परत आणून देईल, मग काटकोन का तपासायचा ते पक्कं कळेल.

सुरुवातीलाच खर्चाचा अंदाज लिही: अँगल किती फूट, वेल्डिंग रॉड किती, मजुरी किती. शेवटी खरा खर्च शेजारी मांड. आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत ते त्याच दिवशी वहीत उतरव. गटात एखादा हुशार गडी सगळं एकटाच उरकतो, त्याच्या हातातून वेल्डिंगचा होल्डर मागून घे. आणि गणिताचं पुस्तक सोबत ने. पुढे परीक्षा द्यायची झाली तर बीजगणित स्टुलातून येत नाही.